मदत हवी आहे: उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात वापरायची आहे (शनिवारच्या आत!)

थंडीचा_कंटाळा
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. नवीन गॅरेज बांधतोय, त्याच्या काँक्रीटखाली दोन फूट वाळू भरून तिच्यात पाइप टाकायचे, उन्हाळाभर सोलर पॅनलचं गरम पाणी त्यातून फिरवायचं आणि डिसेंबर-जानेवारीत तीच उष्णता घरात घ्यायची असा प्लॅन आहे. यूट्यूबवर एकाने केलंय, झकास चालतंय म्हणतो. प्रश्न दोनच आहेत. पाइप ६ इंचावर टाकू की १२ इंचावर? आणि वाळू ओली ठेवायची की कोरडी? शनिवारी खोदकामवाला येतोय, पुढच्या आठवड्यात काँक्रीट. जाणकारांनी लवकर सांगा. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

उगाच_एक
हिवाळ्यात उष्णता?? आमच्याकडे फेब्रुवारीतच पंखा लागतो हो. तुम्ही उलटं करा, हिवाळ्यातली थंडी साठवा आणि मे महिन्यात आम्हाला पाठवा.

निफाडकर
हसू नका, निफाडला या एकदा डिसेंबरात. पारा ५ च्या खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकतात, आम्ही पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं पाणी सोडतो. जमिनीच्या पोटातलं पाणी थंडीत कोमट असतं म्हणून बाग वाचते. तर धागाकर्त्यांनी विहीर असेल तर तिचंच पाणी वापरावं, पाइप वगैरेचा खर्च कशाला. विहीर किती परस आहे?

थंडीचा_कंटाळा
विहीर नाहीये. द्राक्षं पण नाहीयेत. ६ इंच की १२ इंच?

डेन्मार्कची_सून
अहो पण तुम्ही राहता कुठे ते तर सांगा! गॅरेज किती मोठं, खाली इन्सुलेशन घालणार का, पॅनल कुठली, विजेची की पाणी गरम करणारी, घर किती जुनं, उष्णता गॅरेजला हवी की घराला. यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग पाइपाचं अंतर कोण कशावरून सांगणार?

थंडीचा_कंटाळा
पाणी गरम करणारी पॅनल, वर लिहिलंय की 'गरम पाणी फिरवायचं'. कुठे म्हणजे कॅनडा, अल्बर्टा, कॅलगरीच्या दक्षिणेला. थोडी जमीन आहे, घर जुनं आहे. गॅरेज २४ बाय ३०. फुटात. बाहेर उणे २८ झालं की फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) थांबतच नाही, बिल बघून घाम फुटतो, तेवढीच काय ती गरमी. इथून जवळच ओकोटोक्स गावात आख्ख्या कॉलनीने हेच केलंय, मग एका घराला का जमू नये?

पंपवाला
जमू नये म्हणून नाही, करूच नये म्हणून. वाळूबिळू विसरा. हीट पंप बसवा (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) आणि छतावर विजेची पॅनल टाका. उन्हाळ्यात जास्तीची वीज ग्रिडला द्या, तुमच्याकडे मायक्रो-जनरेशन, म्हणजे घरगुती वीजनिर्मितीच्या नियमाखाली त्याचं क्रेडिट मिळतं, ते हिवाळ्यात वापरा. ग्रिडच तुमची जमीन. पाण्याची पॅनल हा गेल्या शतकातला उद्योग आहे. मी स्वतः टोरंटोजवळ तीन वर्षं हीट पंप वापरतोय, एक नंबर.

बर्फातला_प्लंबर
पंपवाले साहेब, टोरंटोची थंडी आणि अल्बर्टाची थंडी यात फरक आहे हो. मी एडमंटनला हेच काम करतो. हवेतला हीट पंप उणे २५ ला दम टाकतो, फर्नेस बॅकअपला ठेवावीच लागते. आणि क्रेडिट मिळतं ते खरं, पण विजेच्या बिलात निम्मे आकार वायर आणि वितरणाचे असतात, ते क्रेडिटने जात नाहीत. गॅस इथे स्वस्त आहे, हिशेब ओंटारियोसारखा बसत नाही.

पंपवाला
नवीन मॉडेल उणे ३० पर्यंत चालतात. माहिती अपडेट करा.

बर्फातला_प्लंबर
चालतात. किती देतात ते पण वाचा त्याच कागदावर, खालच्या ओळीत.

भूजल_मास्तर
(हातात पॉपकॉर्न होतं, ठेवून लिहितोय.) धागाकर्ते, ओकोटोक्सचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून. त्या ड्रेक लँडिंग वसाहतीत ५२ घरं होती आणि उष्णता साठवायला एकच सामायिक साठा, १४४ बोअर, प्रत्येक साधारण ३५ मीटर खोल. म्हणजे शंभर फुटांच्या वर. गॅरेजांच्या छपरांवर मिळून ८०० च्या आसपास कलेक्टर, म्हणजे उन्हात तापणारी पॅनल. उन्हाळ्याच्या शेवटी मधली जमीन ८० अंशांपर्यंत तापायची. २००७ ला सुरू झालं आणि गरम करण्याच्या गरजेपैकी ९० टक्क्यांच्या वर सूर्यावर भागायला पाचवं वर्ष उजाडलं, कारण पहिली काही वर्षं आजूबाजूची जमीनच उष्णता पीत होती. आता मूळ मुद्दा. साठा मोठा असला की आतला ऐवज जास्त आणि गळायला पृष्ठभाग त्या मानाने कमी. लांबी-रुंदी-खोली तिन्ही दुप्पट केली तर आकारमान आठपट होतं, पृष्ठभाग मात्र चौपट. बंबातलं पाणी दुपारपर्यंत कोमट राहतं, तांब्यातलं तुम्ही टॉवेल शोधेपर्यंत गार होतं, तसंच. तुमची दोन फूट वाळू म्हणजे तांब्या पण नाही, ताट आहे. सगळा पृष्ठभागच.

थंडीचा_कंटाळा
ताट कसं काय, २४ बाय ३० फूट आहे, ट्रकच्या ट्रक वाळू जाणार आहे. आणि जमीन स्वतःच इन्सुलेशन असते ना? वरून काँक्रीट आहेच.

भूजल_मास्तर
जमीन इन्सुलेशन नसते, जमीन आळशी असते. मातीतून उष्णता सहा महिन्यांत ढोबळ तीन-साडेतीन मीटर सरकते. तुमच्या ताटाची जाडी ०.६ मीटर. जुलैत भरलेली उष्णता डिसेंबरात कुठे असेल ते तुम्हीच सांगा. शिवाय कॅलगरीला खालची जमीन वर्षभर ५-६ अंशांच्या आसपास असते आणि कडेने चार फुटांपर्यंत गोठते. आणि खाली पाणी वाहतं असेल तर विषयच संपला, ते उष्णता शेजाऱ्याकडे घेऊन जाईल. भूजल पातळी किती आहे तुमच्याकडे? बोअर आहे का प्यायच्या पाण्याचा? त्याचा लॉग, म्हणजे खणतानाची नोंद काढा, मातीचे थर कळतील.

थंडीचा_कंटाळा
बोअर आहे. लॉग कुठे असतो माहीत नाही. चिकणमाती आहे बहुतेक, पावसात बूट सोडून यावं लागतं.

उगाच_एक
मघाशी विहीर नाही म्हणालात, आता बोअर निघाला. निफाडकर, घ्या.

निफाडकर
तेच म्हणतोय मी. बोअरचं पाणी.

डेन्मार्कची_सून
मास्तरांना +१. आमच्याकडे हे प्रकार भरपूर आहेत पण गावाच्या आकाराचे. एरो बेटावरच्या मार्स्टलला ७५ हजार घनमीटरचा गरम पाण्याचा खड्डा आहे, वोयेन्सला तर २ लाख घनमीटर, जुन्या वाळूच्या खाणीत. तळाला प्लॅस्टिकचं जाड अस्तर, वर तरंगतं इन्सुलेशनचं झाकण, बाजूला ७० हजार चौरस मीटर कलेक्टर नुसते शेतात ओळीने उभे, मेंढ्या चरतात मधून. आणि हे चालतं याचं कारण गावभर आधीपासूनच गरम पाण्याच्या पाइपांचं जाळं होतं, नुसत्या खड्ड्याने काही होत नाही. त्या झाकणांनाही त्रास झालेत, पावसाचं पाणी वर साचून राहतं. मला आधी वाटायचं खाली कुठेतरी झरा असेल, इतकी मोठी टाकी दिसतच नाही, नुसतं काळं मैदान दिसतं. एका घरासाठी कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही.

हॉटेल_सोलापूर
स्वित्झर्लंडला केलंय की. ओबरबुर्गला २००७ ची आठ फ्लॅटची बिल्डिंग आहे, मधोमध २०५ घनमीटरची पाण्याची टाकी, तळघरापासून छतापर्यंत. २७६ चौरस मीटर कलेक्टर. संपूर्ण सूर्यावर. टाकी घराच्या आतच, त्यामुळे जे गळतं ते घरालाच मिळतं. पण ती वाळू नाही, पाणी आहे, आणि बिल्डिंग बांधतानाच भिंती जाड केल्या होत्या.

माजी_सैनिक
मी लेहला होतो. तिथे दक्षिणेला काच आणि मागे काळी मातीची भिंत, ट्रॉम्ब वॉल म्हणतात. तिथेच फे गावात सेकमॉल संस्थेची शाळा आहे, बाहेर उणे २० असताना आत पोरं नुसत्या स्वेटरवर बसतात. ना पंप, ना पाइप. इंजिनिअरांना सोपं सुचत नाही हे दुर्दैव.

पंपवाला
घर बांधून झालंय त्यांचं साहेब. आता काय पाडून मातीचं बांधायचं?

माजी_सैनिक
गॅरेज बांधायचंय ना? वाचा नीट.

चिनूक
कॅलगरीकर इथे. कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो, ओकोटोक्सची ती सिस्टिम २०२४ मध्ये बंद झाली. भाग जुने होऊन बिघडायला लागले, सगळ्या घरांना गॅसच्या फर्नेस बसवल्या. मधल्या काळात, २०१५-१६ च्या सीझनला, तिने शंभर टक्के गरज सूर्यावर भागवली होती, हेही तितकंच खरं आहे. म्हणजे विज्ञान पास झालं, मेंटेनन्स नापास.

थंडीचा_कंटाळा
बंद झाली?? मी मागच्याच आठवड्यात मित्राला दाखवायला घेऊन जाणार होतो. असो. आता एवढं झालंय तर कुणीतरी आकडे मांडून सांगेल का, 'ताट' वगैरे नको. जानेवारीचं गॅस बिल २२ गीगाज्यूलचं होतं. पॅनल ४ बाय ८ फुटांची, आठ, जुनी पण चांगली, एका बंद झालेल्या स्विमिंग पूलची मिळाली. पैसे देऊन झालेत.

आकडेमोड
हां, आता बोललात. बसा.
तुमची वाळू: २४ × ३० × २ फूट म्हणजे ४१ घनमीटर. थोडी दमट वाळू धरली तर एका घनमीटरला एक अंश तापायला साधारण अर्धा युनिट (किलोवॉट-तास) लागतो. म्हणजे आख्ख्या वाळूला अंशामागे २० युनिट. ५० अंशांपर्यंत तापवली आणि २० पर्यंत उतरू दिली तर ३० अंश, म्हणजे ६०० युनिट. हा गळती शून्य धरून.
तुमचं घर: २२ गीगाज्यूल म्हणजे ६,१०० युनिट, फर्नेसमधलं नुकसान वजा करून साडेपाच हजार धरा. भागिले ३१, दिवसाला १७५ ते १८०.
६०० ला १८० ने भागा. साडेतीन दिवस सुद्धा नाही. एक जानेवारीला चालू केलंत तर चार तारखेला जेवणाआधी संपलं.
आणि दुसरी गंमत. तुमची पॅनल २४ चौरस मीटर. चांगल्या उन्हात दिवसाला ५० युनिट तरी देतील. म्हणजे वाळू बारा-पंधरा दिवसांत फुल्ल. जूनच्या मध्यात भरली, मग जुलै-ऑगस्टची उष्णता कुठे घालणार?

उगाच_एक
निफाडला पाठवा.

थंडीचा_कंटाळा
साडेतीन दिवस. मग तो यूट्यूबवाला काय खोटं बोलतो?

बर्फातला_प्लंबर
खोटं नाही, त्याचा व्हिडिओ परत बघा. तो बहुतेक गॅरेजच गरम करत असेल, घर नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा आलेलं ऊन रात्री वापरत असेल. त्याला उन्हाळा साठवणं म्हणत नाहीत, कालचं ऊन आज वापरणं म्हणतात. ते उत्तम चालतं. अल्बर्टात हिवाळ्यात ऊन भरपूर असतं, ढगाळ बेल्जियम नाही हे.
आता कामाचं बोलतो, कारण शनिवारी तुमच्याकडे माणूस येतोय आणि इकडे सगळे स्वित्झर्लंड फिरतायत.
एक तर घराचा नाद सोडा, गॅरेज धरा. खाली निळ्या किंवा गुलाबी दाट थर्माकोलच्या शीट किमान चार इंच, आणि कडेला उभ्या, खाली फाउंडेशनपर्यंत. कडा सोडली तर सगळं मुसळ केरात, कारण उष्णता सगळ्यात आधी कडेनेच पळते. हा थर्माकोल ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्यामुळे त्यात ८० चं पाणी सोडायचं नाही, गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावायचा. पेक्स (प्लॅस्टिकचा) पाइप ८२ अंशांपर्यंत रेट केलेला असतो पण कलेक्टरला थेट पेक्स जोडू नका, पंप बंद पडला की भर उन्हात पॅनल दीडशेच्या वर जातं, पाइप शेवयांसारखा लोंबेल. पहिले काही मीटर तांबंच. पाणी गोठू नये म्हणून त्यात घालतात ते ग्लायकॉलही असं तापून तापून आंबट होतं, त्याचा पीएच दरवर्षी बघावा लागतो.
आणि अंतर: १२ इंच पुरे. तुमचा प्रश्न तो होता ना?

थंडीचा_कंटाळा
हो!!! धन्यवाद दादा. चार दिवसांनी कुणीतरी उत्तर दिलं. आणि ओली की कोरडी?

बर्फातला_प्लंबर
दमट असताना थरा-थराने दाबून घ्या, प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. दाबली नाही तर ती खाली बसेल आणि वरच्या काँक्रीटला तडे जातील. ओली 'ठेवायची' वगैरे भानगड नाही, वर प्लॅस्टिकचा कागद आणि काँक्रीट आलं की ती तिच्या मनाने सुकेल. सुकली की उष्णता कमी धरते आणि हळू पसरवते हे मात्र खरं. म्हणूनच मी म्हणतो, वाळूचा नाद सोडा, पाइप सरळ काँक्रीटमध्येच टाका. काँक्रीट सहा इंच करा.

आकडेमोड
सहमत नाही. दोन फूट नको, पण फूटभर वाळू ठेवली तर ढगाळ आठवडा निघतो. नुसत्या काँक्रीटमध्ये दुपारी गॅरेजची भट्टी आणि पहाटे गारठा.

बर्फातला_प्लंबर
फूटभर वाळूला पंप लावून परत काढता येत नाही. ती तिला वाटेल तेव्हा वर सोडते. ऑक्टोबरात गरम, जानेवारीत गार. काँक्रीटला निदान सांगता येतं, आता दे, आता थांब. मी दोन्ही प्रकार केलेत लोकांकडे.

आकडेमोड
लोकांकडे. स्वतःकडे?

बर्फातला_प्लंबर
स्वतःकडे गॅस आहे. प्लंबरच्या घरचा नळ गळतोच.

भूजल_मास्तर
एक राहिलं. जमिनीत साठवायचीच असेल तर कमी तापमानाला साठवा. जमिनीतला हीट पंप बसवून त्याच्या बोअरमध्ये उन्हाळ्यात पॅनलचं पाणी सोडलं आणि जमीन ६ वरून १५-२० अंशांपर्यंत नेली तरी पंपाला हिवाळ्यात कमी वीज लागते, आणि गळतीही कमी कारण तापमानातला फरकच कमी. पण बोअर खणायचा खर्च दातखीळ बसवणारा आहे.

पंपवाला
म्हणजे फिरून फिरून हीट पंपावरच आलात ना? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

भूजल_मास्तर
तुम्ही हवेतला सांगितला होतात. हा जमिनीतला.

पंपवाला
पंप तो पंप.

डेन्मार्कची_सून
पॅनल लावणार कुठे ते नाही सांगितलंत. छपरावर का?

थंडीचा_कंटाळा
छपरावर. दक्षिणेच्या उतारावर, दुसरं कुठे लावणार.

चिनूक
भिंतीवर! गॅरेजच्या दक्षिण भिंतीला उभी लावा. आपण ५१ अक्षांशावर आहोत, डिसेंबरात सूर्य जेमतेम वर येतो, उभ्या पॅनलला तो समोरून भेटतो, शिवाय बर्फावरून परावर्तन मिळतं आणि पॅनलवर बर्फ साचत नाही. छपरावर असेल तर जानेवारीत शिडी लावून झाडू मारत बसाल. आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने उभी पॅनल कमी तापतात, म्हणजे ते पाणी उकळण्याचं लफडंही निम्मं होतं.

बर्फातला_प्लंबर
हे बरोबर. करा हे.

माजी_सैनिक
दक्षिण भिंत. काच. शाब्बास. मी काय सांगत होतो?

थंडीचा_कंटाळा
ओके. खोदकामवाल्याला फोन केला. घरासाठी साठवायचं रद्द. खाली चार इंच थर्माकोल, कडेला उभा, वर फूटभर वाळू दाबून (आकडेमोड यांचं ऐकतोय, प्लंबरदादा रागावू नका), पाइपाचे दोन वेगळे लूप, एक वाळूत आणि एक काँक्रीटमध्ये, दोन्हीला वेगळा व्हॉल्व्ह. पॅनल भिंतीला. बायको म्हणते भिंत काळी दिसेल, बघू. आता पुढचा प्रश्न: काँक्रीट ओतताना पाइप रिकामे ठेवायचे का पाणी भरून?

बर्फातला_प्लंबर
रागावत नाही, दोन लूप चांगलं डोकं लावलंत. हवा भरा, प्रेशर गेज लावा आणि ओतताना गेज चालूच ठेवा. कुणाच्या फावड्याने पाइप फुटला तर काटा लगेच पडेल, तिथल्या तिथे जोडता येतो. पाणी भरलंत आणि रात्री गोठलं तर पाइप आतल्या आत फुटेल आणि तुम्हाला एप्रिलमध्ये कळेल. आणि काँक्रीटच्या आधी मोजमापाचे फोटो काढा, भिंतीपासून किती फुटांवर पाइप आहे ते टेप ठेवून. पुढे कधी तरी खिळा ठोकायची वेळ येतेच. शिवाय वाळूत दोन ठिकाणी आणि थर्माकोलच्या खाली एका ठिकाणी तापमानाचे सेन्सर सोडून द्या, कवडीमोल मिळतात, नंतर घालता येत नाहीत.

आकडेमोड
खालच्या सेन्सरचे आकडे इथे टाका हां. सहा महिन्यांत किती खाली झिरपतं ते बघायचंय. मास्तर म्हणतात तसं निघतं का.

भूजल_मास्तर
निघेल. चहा लागला.

निफाडकर
आमच्याकडे द्राक्षाच्या ओळीत असे पाइप टाकले तर? दिवसा तापवायचे, पहाटे सोडायचं पाणी. चार एकर आहे.

आकडेमोड
निफाडकर, हे मात्र डोकं लावण्यासारखं आहे, एका रात्रीचाच प्रश्न आहे तुमचा, सहा महिन्यांचा नाही. पण चार एकर उघड्यावर म्हणजे आभाळ तापवणं. वेगळा धागा काढा, ओळींचं अंतर आणि ठिबकची माहिती द्या.

गृहिणी_कोल्हापूर
नमस्कार, सोलरचा विषय चाललाय म्हणून विचारते. आमच्या सोलरला दोन महिन्यांपासून सकाळी गरम पाणीच येत नाही, नळ्या बदलल्या तरी तेच. कुणाला माहीत आहे का?

बर्फातला_प्लंबर
ताई, नळ्या काचेच्या की तांब्याच्या? पाणी बोअरचं का? टाकी किती लिटरची?